काकांच्या कपाळावरचं गंध

दुपारी कडावहून मावशीचा फोन आला. "तुझा काका गेला गं," एवढंच म्हणाली आणि फोन बंद केला. काकांना जाऊन बरीच वर्षं झालीत. म्हणजे मी काढलेल्या त्यांच्या चित्राला काहीतरी झालं होतं.

हे चित्र मी कॉलेजात असताना काढलेलं. जाड पुठ्ठ्यावर, पोस्टर कलरनं. काका शेताच्या बांधावर बसलेत, मांडीवर कोयता, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं इकडं बघतायत. काका गेल्यावर मावशीनं ते पुढच्या खोलीत लावलं. काकांचा दुसरा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, आणि त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. मी काच बसवून देते म्हटलं, तर म्हणाली, "कोंडू नको त्याला. गंध कसं लावू मग?" दसऱ्याला आणि सर्वपित्रीला ती चंदन उगाळून काकांच्या कपाळावर टिळा लावायची. साठून साठून तिथं एक पिवळट खपली धरली होती. मला ती आवडायची. चित्रात तेवढंच माझं नव्हतं.

मग माझी चित्रं विकणारी एक गॅलरी मला मिळाली. गॅलरीवाल्याचं फार्महाऊस इकडंच, खालापूरच्या बाजूला. माणूस वाईट नाही, पण त्याचा हिशोब साधा आहे. चित्राची लांबी गुणिले रुंदी, आणि त्यावर चित्रकाराचा इंचाचा भाव. आमच्याकडं जमीन गुंठ्यावर जाते, मी इंचावर जायला लागले. एकदा चढलेला भाव उतरवायचा नाही, नाहीतर आधीची गिऱ्हाइकं बिथरतात, हे त्यानं मला पहिल्याच भेटीत बजावलं. तेव्हापासून ब्रश उचलायचीच धास्ती बसली. एखादा कोपरा फसला की वाटायचं, गेले एवढे इंच.

त्याला माझं जुनं काम बघायचं होतं, म्हणून मी त्याला कडावला नेलं. प्रदर्शनात मांडायला आणि पुस्तिकेत छापायला, विकायला नाही, असं ठरलेलं. त्यानं टेप काढून चित्र मोजलं. मावशीनं सहज विचारलं, "असल्याचं काय मिळतं हो?" आणि त्यानं सहज सांगितलं. नवा टेंपो दारात उभा राहिला असता. मावशी खुर्चीवर बसली. मग तो कपाळाजवळ वाकला आणि म्हणाला, "हा डाग पडलाय. यानं किंमत निम्म्यावर येते. मुंबईला माझा माणूस आहे, साफ करून देईल."

मी म्हटलं, "तो डाग नाही." पण मावशी आपल्या बोटाकडं बघत होती.

त्या दिवसापासून तिचं घर बदललं. दार भरदिवसा आतून लावलेलं. शेजारच्या हळदीला गेली नाही. डेअरीवर दूध घालायला भाचेसुनेला पाठवायला लागली. चित्राजवळ पाल दिसली तरी हातात झाडू घेऊन उभी. मी गेले की कुजबुजायची, "कोनाला सांगितलं तर नाय ना गं?" मी हसण्यावारी न्यायचे, पण परत येताना मलाही वाटायचं की त्या दाराला कडी एकच आहे. चित्र माझ्याकडं ठेवते म्हटलं, तर तेही नको. "त्याला घराभायेर नाय काढायचा."

फोन आल्यावर रिक्षा करून निघाले. चित्र चोरीला गेलं असेल, ही भीती होतीच. खरं सांगायचं तर चोर आले असतील आणि मावशी मध्ये पडली असेल, ही भीती त्याहून मोठी होती. रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, जरा जोरात घ्या.

मावशी धडधाकट होती. जमिनीवर बसलेली, मांडीवर चित्र, हातात ओलं फडकं. गंध पुसायला गेली होती. खपली भिजून निघाली, आणि तिच्याबरोबर पोस्टर कलरही. काकांच्या मानेच्या वर नुसता मातकट ओघळ उरला होता. कोयता होता, बांध होता, चेहरा नव्हता.

"त्यो म्हनाला ना, डाग हाय," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच तुजं नुकसान केलं. म्हून हलकंच पुसलं. नाक गेल्यावर कळलं."

मला रडू आलं. तिच्या शेजारी बसून मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. ते काकांच्या अंगाच्या रंगाचं झालं होतं.

तिनं विचारलं, "आता ह्याचं काय येईल?"

"काही नाही, मावशी."

"काईच नाय?"

"कुणी फुकटही नेणार नाही."

ती उठली. दाराची कडी काढली आणि दार सताड उघडलं. मग सहाण घेऊन चंदन उगाळत बसली. चित्र खिळ्याला अडकवलं, आणि कपाळ जिथं असायचं तिथं, अंदाजानं, टिळा लावला.

मी म्हटलं, "मावशी, मी दुसरं काढून देते. अगदी तसंच. मला काका आठवतात."

तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. रागानं नाही, आजारी माणसाला ठेवतात तसा.

"नको गं," ती म्हणाली. "तू काडलंस की पुना दार लावून बसावं लागंल."