म्हसोबापर्यंत

ओझरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि चांदवडजवळची आमची वस्ती मी सोडली. त्या सकाळी तात्या, म्हणजे माझे वडील, माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन पुढे चालत होते. आई ओढ्यापाशीच थांबली. तात्या मात्र ओढा ओलांडून, पलीकडच्या मोठ्या गावातून, पार शिवेवरच्या म्हसोबापर्यंत आले. माणूस लांब निघाला की घरच्यांनी त्याला शिवेपर्यंत पोचवायचं, नारळ फोडायचा आणि मागे फिरायचं, ही आमच्याकडची रीत. तात्यांनी नारळ फोडला, अर्धी वाटी माझ्या हातात दिली. "शिवेपर्यंत आम्ही हाय. पुढं तुझं तू बघ," म्हणाले आणि वळले. मी किती तरी वेळ त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

पुढचं माझं मी बघितलं. ओझरला भाड्याची खोली, मग नाशकात सिडकोत फ्लॅट, लग्न, मुलगी. पण बूड म्हणून टेकलं नाही. इथे महापालिकेची निवडणूक आली की प्रभागांचे नकाशे बदलतात. आम्ही सोफ्यावरून उठलेलो नसतो, आणि दुसऱ्या प्रभागात गेलेलो असतो. समोरची सोसायटी एका नगरसेवकाकडे, आमची दुसऱ्याकडे. घंटागाडी आली नाही तर तक्रार कुणाकडे करायची, यावर ग्रुपवर दिवसभर मेसेज पडतात. मी हसतो, पण आत कुठेतरी चरचरतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे कळेल.

गावाकडे तरी सगळं जागच्या जागी असेल, अशी माझी समजूत होती. तेवढ्यात तात्यांनी वेगळ्या ग्रामपंचायतीचं मनावर घेतलं. वस्ती आणि मोठं गाव यांची पंचायत एकच होती, आणि रेशन असो की नळ, सगळं आधी ओढ्यापलीकडे. तात्यांचं चूक नव्हतं. तहसील झालं, मग जिल्ह्याच्या ऑफिसात खेटे सुरू झाले. इस्त्रीची टोपी घालून ते आमच्याकडे मुक्कामाला येत. मोठ्या गावात त्यांचे चुलतभाऊ आबा. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. आबांचं म्हणणं, वाटणी घराची होते, गावाची करू नये. त्यावरून दोघांचं बोलणं तुटलं.

शेवटी पंचायत मिळाली, गुलाल उधळला गेला. ओढ्यावर वस्तीच्या नावाची कमान उभी राहिली. म्हसोबा राहिला आबांच्या हद्दीत. त्यानंतर मी सुट्टी संपवून निघालो की तात्या कमानीखालीच थांबायचे, तिथेच दगडावर नारळ फोडायचे. गाडीच्या आरशात ते लहान लहान होत जायचे आणि मला उगाच वाटायचं, आपल्याला अर्ध्यातच सोडलंय.

यंदा माझी मुलगी जर्मनीला नोकरीसाठी निघाली. आदल्या दिवशी आम्ही दोघं तात्यांच्या पाया पडायला गेलो. निघताना कमानीपाशी तात्यांनी नेहमीसारखा नारळ काढला. पोरगी म्हणाली, "आजोबा, बाबांना म्हसोबापर्यंत सोडलं होतं ना?"

"आता शीव इथंच हाय, बाई."

ती गाडीत बसली नाही. सरळ ओढा ओलांडून पायी चालू लागली. तात्या कमानीच्या खांबाला हात लावून उभे. मला वाटलं, आता हे भडकणार. पण त्यांनी नारळ काखेत धरला, काठी उचलली आणि तिच्या मागे निघाले. मी गाडी तिथेच सोडून मागोमाग गेलो. मोठ्या गावातून जाताना ओट्यांवरची माणसं बोलायची थांबत होती. कुणी काही टोचून बोललं तर काय, या धास्तीने मी तात्यांना खेटूनच चालत होतो.

म्हसोबाला लागूनच आबांचं कांद्याचं वावर. आबा बांधावर बसले होते. तात्यांना बघून उठले, गुडघ्यांवर हात देत जवळ आले.

"लय येळ लावलास," आबा म्हणाले.

"शीव लांब हाय, आबा," तात्या म्हणाले आणि नारळ त्यांच्यापुढे धरला.

नारळ आबांनी फोडला. दोघांनी मिळून अर्धी वाटी पोरीच्या हातात दिली. "शिवेपर्यंत आम्ही हाय," तात्या तिला म्हणाले. पुढचं त्यांच्याच्याने बोलवलं नाही. दोघं म्हातारे बरोबर मागे फिरले, आणि मी रडलो.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर दारातच मला अडवलं. तिकीट नसेल त्याने इथून पुढे जायचं नाही. खोबरं विमानात नेऊ देणार नाहीत, असं कुणीतरी सांगितलं म्हणून तिने ती वाटी माझ्या हातात परत दिली आणि ती आत गेली. काचेपलीकडे तिची पाठ दिसेनाशी झाली, तरी मी उभाच होतो. शिपाई दोनदा म्हणाला, बाजूला व्हा. तात्या शिवेवरून वळले की थेट घरीच जात. मी हातात खोबरं घेऊन वळलो खरा, पण तोंड नाशिककडे करायचं की चांदवडकडे, तेच मला ठरवता येईना.