दादाची शाळा आणि माझ्या गोळ्या

नाशिकच्या सीबीएस स्थानकावरून सुरगाण्याची एसटी निघाली, तेव्हा दादाने हट्टाने खिडकीची जागा घेतली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा हा थोरला भाऊ नुकताच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला होता. सुरगाण्यापलीकडच्या ज्या पाड्यावर (डोंगरातली लहान वस्ती) त्याने पहिली नोकरी केली, तिथे त्याला एकदा जायचं होतं. वहिनी गेल्यापासून त्याने स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

दिंडोरीपर्यंत द्राक्षबागा दिसत होत्या. वणी सोडली आणि घाट लागला. सुरगाण्याहून जीपने गेलो, शेवटचा उतार मात्र पायीच होता. अर्ध्यावर दादा गुडघा धरून दगडावर बसला. माझ्या पर्समध्ये कंबरदुखीच्या गोळ्या कायम असत. त्यातली एक मी त्याला दिली. तासाभरात तो चालू लागला आणि मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं.

पाड्यावर सोनाबाई वाट पाहत होती. दादाच्या पहिल्या वर्गातली ही एकमेव मुलगी, आता स्वतः आजी झालेली. तिने नागलीची (नाचणीची) भाकर आणि उडदाचं भुजं (घट्ट आमटी) वाढलं. शाळेच्या जागी आता पक्की खोली होती. दादाने फळ्यावरून हात फिरवला.

आम्ही तीन दिवस राहिलो. सकाळी त्याच्या रक्तदाबाच्या दोन गोळ्या आणि माझी दुखण्याची गोळी मीच त्याच्या तळहातावर ठेवायचे. संध्याकाळी पुन्हा एक.

तिसऱ्या दिवशी सोनाबाई त्याच्या पायांकडे बघत म्हणाली, "गुरुजी, पाय लय सुजलंत. ताई, ही गोळी नका देऊ. मी शेक देते."

"चालून सूज येतेच," मी म्हणाले. "शेकाने काय होणार?"

दुपारी दादाला चार पावलं चालूनही धाप लागली. डोकं ठणकत होतं, सकाळपासून लघवीही जेमतेम झाली होती. सोनाबाईच्या मुलाने जीप आणली. वणीच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला.

"रक्तदाबाशिवाय आणखी काय घेतात हे?"

मी पर्समधली पट्टी पुढे केली.

"ही कुणी दिली?"

"मी."

"ताई, या गोळीने रक्तदाब चढतो, अंगात पाणी साठतं. त्यात यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांतली एक लघवीची आहे, उन्हात पाणीही कमी प्यायलेत. दोन्ही मिळून मूत्रपिंडावर आलंय. आधी विचारलं असतंत, तर साधी पॅरासिटामॉल मापात दिली असती आणि शेकायला सांगितलं असतं."

नाशिकच्या दवाखान्यात दादा अकरा दिवस होता. जीव वाचला, पण मूत्रपिंडं पूर्ववत झाली नाहीत. मीठ मोजून, पाणी मोजून. डोंगर कायमचा बंद.

घरी आणलं त्या दिवशी मी त्याच्याजवळ बसून रडले. तो म्हणाला, "कुसुम, तुला काय ठाऊक होतं?"

मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण सोनाबाईने सांगितलं होतं. पाचवी शिकलेल्या बाईचं मी ऐकलं नाही, कारण मी पदवीधर होते. दादाला हे कारण मी अजून सांगितलेलं नाही.