श्यूर शेवटी कुठल्या शेतावर होता?

गुन्व्होर पोस्टातून निवृत्त झाली तरी फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, काठावरल्या तिच्या स्वयंपाकघराला उन्हाळाभर उसंत नसे. इथून गेलेले आजोबा-पणजोबा शोधायला आलेल्या अमेरिकनांची नुसती रीघ! "अहो, आडनाव माणसाचं नसतं, शेताचं असतं. शेत बदललं की नाव बदललं. जहाजात चढण्याआधी तो राहत कुठं होता, ते बोला!" असं ती दरडावायची आणि चर्चच्या वह्यांतून नेमका पणजोबा काढून द्यायची.

तिचा स्वतःचा आजोबा मात्र काही सापडेना. श्यूर हाउगेन. एकोणीसशे एक साली बायको आणि सहा वर्षांची लेक मागे ठेवून तो अमेरिकेला निघाला. तिकिटं पाठवतो म्हणाला, आणि गेला तो गेलाच. ती लेक म्हणजे गुन्व्होरची आई ऑस्लाउग, आता त्र्याऐंशीची. "तिकडं दुसरी केली असणार मेल्यानं," एवढंच ती म्हणायची. पण हृदय थकलंय असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून गुन्व्होरच्या जिवाला घोर लागला होता. आईनं हा राग बरोबर घेऊन जाऊ नये, बस्स.

एका दुपारी वाफल्सवर तपकिरी चीज ठेवता ठेवता तिनं सहज विचारलं, "आई, शेवटच्या हिवाळ्यात तो होता कुठं गं?"

"कुठं म्हणजे? पलीकडच्या काठाला, लीएनच्या शेतावर. तिकिटासाठी गुरं राखत होता."

"अगं बाई! हे इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? अमेरिकनांना बरं विचारतेस!"

खरंच की! गुन्व्होरला स्वतःचीच चीड आली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीनं ती पलीकडं गेली. तिथल्या चर्चच्या वहीत श्यूर हाउगेन नव्हताच, श्यूर लीएन होता. जहाजावर ताप, अकराव्या दिवशी मृत्यू, समुद्रातच दफन. लीएनचा म्हणून खबर तिथं आली. अलीकडच्या काठाला त्याची बायको आहे, हे नव्या पाद्र्याला कुणी सांगितलंच नाही.

घरी येऊन तिनं आईचा हात धरला आणि सगळं सांगितलं. ऑस्लाउगनं खिडकीतून धक्क्याकडं बोट दाखवलं.

"म्हणजे पत्राची वाट बघत मी रोज धक्क्यावर जायचे, तेव्हा तो..."

"नव्हताच गं, आई."

"सत्त्याहत्तर वर्षं शिव्या दिल्या मी त्याला. आणि त्यानं अमेरिका पाहिलीसुद्धा नाही!"

आणि ती म्हातारी "बाबा, बाबा" करत हुंदके देऊन रडायला लागली.