थबकणारी छडी

खांद्याने दगा दिला तेव्हा ती वाद्यवृंदात व्हायोलिनवाल्यांच्या पहिल्या खुर्चीवर होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की व्हायोलिन आता पेटीतच राहणार. घरी येऊन ती हमसून हमसून रडली आणि मग घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. वाजवण्याशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि येत असतं तरी नको होतं.

नेमके तेव्हाच छडीच्या इशाऱ्यावर वाद्यवृंद चालवणारे जुने कंडक्टर निवृत्त झाले. व्यवस्थापकांनी तिला बोलावून घेतलं. "एक कार्यक्रम तुम्ही उभा करा. जमला तर जागा तुमची. नाही जमला, तर तिकीटखिडकी सांभाळा." माणूस वाईट नव्हता, फक्त जिभेला हाड नव्हतं.

पहिल्याच तालमीत फजिती झाली. जलद सुरू झालेली रचना मंदावत गेली आणि अर्ध्यावर येईतो पार पेंगायला लागली. तिने पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच! कालपर्यंत शेजारी बसणारी मंडळी मुद्दाम आपला अंत बघतायत, असं तिच्या मनाने घेतलं. मधल्या सुटीत ती तोंड पाडून चहा ढवळत राहिली.

तिचा थोरला भाऊ याच वाद्यवृंदात सगळ्यांच्या मागे नगारे वाजवायचा. तो कप घेऊन जवळ आला.

"दादा, हे सगळे माझ्यावर डूख धरून आहेत."

"डोंबल तुझं! अगं, आम्ही तुझ्या छडीकडे बघतोय आणि तू आमचा सूर कानावर पडायची वाट बघतेस. तू थबकतेस म्हणून आम्ही, आणि आम्ही थबकतो म्हणून तू."

तिला चटकन पटलं. शेजाऱ्याचा सूर ऐकायचा आणि त्यात आपला मिसळायचा, हेच तिने उभा जन्म केलं होतं. छडी हातात आली तरी कान अजून खुर्चीतच बसले होते.

"मग काय, ऐकूच नको?"

"ऐक की! पण ऐकत थांबू नकोस. कंडक्टर ना तू? बेल मार आणि गाडी सोड. आम्ही धावत येऊन चढू."

कार्यक्रमात मधल्या भागात व्हायोलिनं जराशी मागे पडलीच. तिचा हात थबकायला आसुसला. तरी तिने छडी पुढच्या ठोक्यावर नेली. क्षणभर वाटलं, आपल्यामागे कुणीच नाही. मग सगळे आले, एकदम, आणि सुरांनी सभागृह भरून गेलं. तिचा जीव भांड्यात पडला.

टाळ्या थांबल्यावर व्यवस्थापक पडद्यामागे आले. "पुढच्या कार्यक्रमाला काय बसवताय?"

तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. भाऊच मध्ये पडला. "काहीही बसवेल ती. नगाऱ्यांना भरपूर काम असलं म्हणजे झालं."

"नगारे शेवटी मागे पडले होते," डोळे पुसत ती म्हणाली. "उद्या तेवढी जागा पुन्हा घेऊ."

"हो, बाई," दादा म्हणाला, आणि या वेळी तो चेष्टा करत नव्हता.