बादलीत पडलेला क्लास

मंडळी, मी सध्या मालाडला दादाकडे पडून आहे. त्याची मुलगी शाळेत जात नाही, घरीच शिकते. आज वहिनी बाहेर जाताना म्हणाली, "भाऊजी, ऑनलाइन क्लासला हिच्याजवळ बसा. गोंधळ घातलात तर मुक्काम हलवा."

बाईंनी सांगितलं, बादलीतल्या पाण्यात काय तरंगतं, काय बुडतं ते बघा. लिंबू तरंगलं, बटाटा बुडाला. मग मीच पेटलो, नारळ टाकला. तो बाईंना दिसावा म्हणून फोन खाली धरला, आणि तोच बादलीत गेला.

काढला तर क्लास चालूच. बाई शांतपणे म्हणाल्या, "फोन बुडतो. सगळ्यांनी लिहून घ्या."

पुतणीला म्हटलं, "आईला सांगू नकोस हं."

"मी कशाला सांगू, काका? क्लासचं रेकॉर्डिंग तिच्या फोनवर जातं ना."

वहिनी घरी यायला निघालीय. कुणाकडे चार दिवस जागा आहे का?