तक्रार करायला शिकवणारी

रविवारी दवाखाना बंद असतो, पण त्याचं मागचं दार उघडं असतं. त्या दाराने येणाऱ्या बायका एकेकाळी धावत, पोहत, भाला फेकत. आता कुणाचा खांदा धरलेला, कुणाची कंबर. एकमेकींना त्या खेळावरूनच हाका मारतात: भालेवाली, पोहणारी, उडीवाली. दवाखाना चालवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला मात्र सगळ्या ताई म्हणतात.

ताई स्वतः लहानपणी जिम्नॅस्ट होती. सरांच्या हातात पट्टी असे. पडलं की पट्टी, रडलं की आणखी एक. घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "पदकं काय फुकट मिळतात?" मग तिने सांगणंच सोडलं, आणि पुढे खेळही.

"रविवारी तरी घरी थांब गं," नवरा कुरकुरायचा. तो बसगाड्या दुरुस्त करायचा.

"तुझी गाडी बिघडली की खडखडते तरी. माझ्या गाड्या हूं की चूं करत नाहीत."

यात थट्टा कमी आणि काळजी जास्त होती. उडीवालीचं तर तिने मनाला लावून घेतलं होतं. जेमतेम विशीतली पोर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर दुसरीकडे व्यायाम करताना ती दात आवळून गप्प राहिली आणि सांधलेलं पुन्हा फाटलं. पुन्हा ऑपरेशन. आता फाटलं तर हाती काही उरणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. गुडघा वाकवायला तर हवाच, पण कुठे थांबायचं ते तिच्याशिवाय कोण सांगणार?

पहिल्याच दिवशी ताई हळूहळू पाय वाकवत होती. पोरगी निमूट. ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शाब्बास!"

पोरगी हसली. ओठ रुंद, हनुवटी वर, डोळे कोरडे. ते हसू ताईने ओळखलं. जिम्नॅस्टिक्सच्या परीक्षकांसमोर तिच्याही तोंडावर ते असंच चिकटवलेलं असायचं. तिने झटकन हात काढून घेतला.

"चुकलं माझं. सोसल्याबद्दल इथे कुणाला शाब्बासकी नाही. आज गुडघा राहू दे. आज तक्रारी कर."

"कसल्या?"

"कसल्याही. उशी कशी आहे?"

"ठीक आहे."

पडद्याआडून भालेवाली ओरडली, "ठीक कसली, डोंबल! नुसता धोंडा आहे तो. ताई, नवऱ्याच्या खिशात हात घाला जरा!"

पोरगी फिसकन हसली. हे हसू वेगळं होतं. मग उशी चाचपत पुटपुटली, "जरा कडक आहे."

"आणखी?"

"पंखा कुरकुरतो. आणि... तुमचे हात गार आहेत."

"घ्या! आता माझ्यावरच!" म्हणत ताईने तळवे चोळले. आतून मात्र तिला केवढं बरं वाटलं.

पुढचे काही रविवार असेच गेले. गुडघ्याला हात लावायचा तो थोडा, तोंड चालवायचं ते भरपूर. बाहेरच्या बाकावर पोरीची आई चुळबुळत बसायची. व्यायाम सोडून गप्पाच कसल्या चालल्यात, तिला काही उमगेना.

मग एका रविवारी ताईने पाय आणखी थोडा वाकवला, आणि खोली दणाणली.

"अहो ताई, सोडा! दुखतंय! माणसाचा पाय आहे, पिळायचं फडकं नाही!"

ताईने जागच्या जागी पाय सोडला. पोरगी स्वतःच्याच आवाजाने दचकून, आता पट्टी बसणार की काय, अशी बघत राहिली. ताईने पायाखाली घडी केलेला टॉवेल सरकवला.

"इथपर्यंतच. पुढे तू म्हणशील तेव्हा."

दार ढकलून आई आत आली. "काय केलंत हो तिला?"

"मी कुठे? तिनेच मला थांबवलं." पोरीचा निकाल सांगावा तशी ताई सांगत होती.

"पण ती घरी कधी चढ्या आवाजात बोलत नाही हो."

"आता बोलेल," ताई म्हणाली. "तुम्हालाही सुनावेल. तयारीत राहा."

"आई, आधी दार लाव," पोरगी म्हणाली. "वारा येतोय."