चूक सांगणाऱ्याला पहिला कप

आमच्या दाजींइतक्या ओळखी करणारा माणूस सगळ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल, आणि त्या सगळ्या ओळखींत त्यांना सगळ्यात महाग पडलेली ओळख माझी आहे. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण त्यांच्या गमती सांगण्याच्या भरात हेच नेमकं विसरून जायची मला सवय आहे. दाजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे यजमान. त्यांनी मला वकिली शिकवली, कोर्टातली नव्हे, कंपनीतली. मी त्यांची नोकरी घालवली आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांचा मित्र घालवला. नोकरी गेली हे त्यांना तेव्हाच कळलं. कुणामुळे गेली, हे सांगायला मी केस पिकेपर्यंत थांबलो.

कंपनीचा पगारी वकील ही मोठी अवघड जात आहे. पगार घ्यायचा तर सनद स्थगित करून ठेवावी लागते, म्हणजे वकील असूनही कोर्टात उभं राहून बोलता येत नाही. बारमधले जुने मित्र आपल्याला ‘कंपनीवाले’ म्हणतात आणि कंपनीतले इंजिनिअर ‘कोर्टवाले’. दाजी वाळूजला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात विधी अधिकारी होते. त्यांचा काळा कोट ऑफिसच्या लोखंडी कपाटात, पिवळ्या हेल्मेटच्या शेजारी, डांबराच्या गोळ्या घालून टांगलेला असे. दर दिवाळीला तो ड्रायक्लीनिंगला जाई. वर्षभर अंगाला न लागलेला कोट धुवायचा कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते रागावले. “सनद मेली नाय पाव्हणं, नुसती झोपलीय. झोपलेल्या माणसाचे कपडे वाटून टाकता का तुम्ही?”

बोलायची बंदी असल्यामुळे दाजी कोर्टात कंपनीने लावलेल्या मोठ्या वकिलांच्या मागच्या बाकावर बसत आणि मुद्दा चुकला की त्यांचा कोट मागून ओढत. एकदा त्या वकीलसाहेबांनी भलतीच तारीख सांगितली. दाजींनी असा हिसका दिला की खांद्याची शिवण टर्रकन उसवली आणि न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. साहेब म्हणाले, “युअर ऑनर, माझे पक्षकार जरा उत्साही आहेत.” संध्याकाळी तो कोट घेऊन दाजी स्वतः औरंगपुऱ्यात शिंप्याकडे गेले. शिवण घालून होईपर्यंत त्यांना शिंप्याच्या दुकानाच्या भाडेकराराची सगळी हकिगत कळलेली होती आणि शिंप्याच्या खिशात दाजींचं कार्ड होतं.

कार्ड देणं हा त्यांचा श्वास होता. कार्डं ते सुपारीच्या चंचीत ठेवत, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक कार्डाला कात आणि लवंगेचा वास यायचा. लग्नात, मयतीत, पेट्रोल पंपावर, जो भेटेल त्याला एक द्यायचं आणि त्याचं एक घ्यायचं. समोरच्याकडे नसलं तर आपल्याच कार्डाच्या पाठीवर त्याचं नाव लिहून घ्यायचं. ही सगळी कार्डं ताईच्या लग्नातल्या शालूच्या खोक्यात, नावाप्रमाणे नव्हे तर दुखण्याप्रमाणे लावलेली. बोनसचा गठ्ठा, बॉयलरचा गठ्ठा, ‘संप’ असा एक जाडजूड गठ्ठा. मला ग्रॅच्युइटीची अडचण आली की खोक्यात हात घालून म्हणत, “थांबा, ग्रॅच्युइटीवाला नांदेडला हाय. लई गुणी माणूस. चार वेळा हरलाय.” हरलेल्या माणसाबद्दल त्यांना फार आदर. जिंकलेल्याला काही विचारू नये, त्याला आपण का जिंकलो ते माहीत नसतं, असं त्यांचं मत होतं.

याच मतातून त्यांचं मंडळ निघालं. औरंगपुऱ्यात कायद्याच्या पुस्तकांचं एक दुकान होतं, त्याच्या माडीवर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी वाळूज-चिकलठाण्याचे आम्ही सगळे पगारी वकील जमायचो. जिना अरुंद, वर सतरंजी, खिडकीतून खालच्या हॉर्नचा कल्ला. नियम एकच. प्रत्येकानं स्वतःची एक चूक सांगायची. कंपनीचं नाव घ्यायचं नाही, समोरच्या पार्टीचं घ्यायचं नाही. चूक सांगून झाली की दाजी विचारायचे, “मग, काय शिकलात?” आणि चहाचा पहिला कप त्याच्या हातात द्यायचे. “कारखान्यात आपण एकटं असतो,” ते म्हणत. “इंजिनिअरला इंजिनिअर असतो, आपल्याला कोण हाय? पर एक ध्यानात ठेवा. चूक इथंच सांडायची. जिना उतरली की तिची चुगली होते.”

मंडळाचे दुसरे खांब म्हणजे खानसाहेब. चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीत कायदा बघायचे. उंच, गोरेपान, इस्त्रीच्या शर्टातले. दाजी पाचोडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, शर्ट नेहमी एका बाजूने बाहेर. दोघं एकाच स्कूटरवर माडीवर यायचे, आणि वर येईपर्यंत भांडण निम्म्यावर आलेलं असायचं. “तुम गाडी चलाते की नांगर?” खानसाहेब विचारायचे. “तुमच्यासारखं वजन मागं असल्यावर नांगरच होतो बगा,” दाजी म्हणायचे.

कराराचा कायदा पुस्तकातून कळत नाही, असं म्हणून एकदा दाजी आम्हा सगळ्यांना पाचोडच्या आठवडी बाजारात घेऊन गेले. तिथं जनावरांचे दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात, ते त्यांना दाखवायचं होतं. “बगा, एक कागद नाय, एक सही नाय, आन् करार पक्का. प्रस्ताव, स्वीकृती, समदं या रुमालात.” खानसाहेबांना हे पटेना. ते म्हणाले, असा करार कोर्टात टिकणार नाही. दाजींनी त्यांचा हात धरून एका दलालाच्या रुमालाखाली घातला. खानसाहेबांनी नम्रपणे हात परत ओढून घेताना काही बोटं दाबली गेली असावीत, कारण दलालानं “झालं!” म्हणून एका काळ्या शेळीचं दावं त्यांच्या हातात दिलं. पुढे तासभर आमची पाच-सहा वकिलांची फौज प्रस्ताव आणि गैरसमज यांच्यावर त्या दलालाशी वाद घालत होती. हरलो. शेळी दाजी आणि खानसाहेब यांच्या मधे स्कूटरवर बसून शहरात आली. पुढे कित्येक दिवस दाजी चौकात भेटले की विचारायचे, “खानसाहेब, शेळी काय म्हणते?” आणि खानसाहेब गंभीरपणे सांगायचे, “नोटीस देने वाली है तुमको.”

आता माझ्यावर येतो.

एका शनिवारी दाजींनी आपली चूक सांगितली. त्यांच्या कारखान्याची एका मोठ्या गिऱ्हाईकाकडून वाढीव दराची मागणी होती. करारात लिहिलेलं, की नोटीस गिऱ्हाईकाच्या मुंबईच्या नोंदणीकृत कार्यालयालाच गेली पाहिजे. दाजींनी घाईत ती त्यांच्या वाळूजच्या फॅक्टरीच्या पत्त्यावर धाडली, आणि चूक लक्षात आली तेव्हा मुदत उलटून गेली होती. समोरच्यांच्या ध्यानात अजून आलं नव्हतं, बोलणी चालू होती आणि तडजोड जवळ आली होती. “काय शिकलो?” त्यांनी स्वतःलाच विचारलं. “करार शेवटच्या पानाकडून वाचायचा. पत्ते तिथंच दडून बसतात.” आणि स्वतःच्याच हातानं पहिला कप घेतला. आम्ही हसलो.

त्या वेळी माझ्या खिशात नव्या नोकरीचं पत्र होतं. पुढच्या बैठकीला पेढे घेऊन जायचं आणि सांगायचं, असा बेत होता. नव्या कंपनीत रुजू झालो, आणि पहिलीच फाइल पुढ्यात आली ती दाजींच्या कारखान्याची. पहिल्या पानावर मला ओळख पटली: दाजींचं ते मोठं गिऱ्हाईक म्हणजे आमचीच कंपनी. मी ती फाइल बंद करून, हे नात्यातलं प्रकरण आहे, दुसऱ्याला द्या, एवढं म्हणू शकलो असतो. कंपनीतल्या वकिलाला ती मुभा असते, किंबहुना ते त्याचं कर्तव्य असतं. पण टेबलाभोवती मोठे साहेब बसले होते, मी नवा होतो, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “सर, यांची नोटीस योग्य पत्त्यावर आलेलीच नाही.” टेबलावर एक आनंदाचा हुंकार फिरला. तो हुंकार मला आवडला, हेही इथं लिहून ठेवतो.

तडजोड मोडली. दाजींच्या मालकांनी विचारलं, इतक्या दिवसांनी ह्यांना आत्ताच कसं सुचलं? आतली गोष्ट बाहेर कुणी नेली? दाजींनी खरं ते सांगितलं, की मंडळात मीच बोललो. त्यांना राजीनामा द्यायला लावला.

मी भेटायला गेलो तेव्हा ते पायरीवर बसून सुपारी कातरत होते. माझ्यावर त्यांचा संशय नव्हता. घरचा माणूस संशयात बसतच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “पाव्हणं, तुमच्या कंपनीत खानसाहेबाचा पुतण्या हाय नं? खरेदी खात्यात?”

मी म्हणालो, “आहे.”

ते खरं होतं. पुतण्या होता. आमच्या धंद्यात याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देणं म्हणतात, आणि ते मी दाजींकडूनच शिकलो होतो.

त्यानंतर दाजींनी खानसाहेबांशी भांडण केलं नाही. नुसतं बोलणं बंद केलं. खानसाहेब माडीवर आले, दाजींनी चहाचा कप दुसऱ्याकडे दिला. खानसाहेबांनी विचारलं, “क्या हुआ दाजी? मेरी क्या ग़लती?” दाजी म्हणाले, “तुम्हीच सांगा. चूक ज्याची त्यानं सांगायची असते.” खानसाहेब जिना उतरून गेले. मी तिथंच बसलो होतो, सतरंजीवर, खिडकीजवळ. मंडळ त्यानंतर फार टिकलं नाही.

दाजींनी झोपलेली सनद उठवली. पन्नाशीच्या पुढे, जिल्हा कोर्टाच्या आवारात, मुलांच्या वयाच्या ज्युनिअरांबरोबर बाकावर बसायला लागले. इतकी वर्षं दिवाळीला धुतलेला कोट पोटावर बसेना. तो त्यांनी त्याच शिंप्याकडून सैल करून घेतला. शिंप्यानं शिलाई घेतली नाही, हे मला ताईनं सांगितलं, आणि तिनं ते कौतुकानं सांगितलं.

मी वर चढत गेलो. आता आमच्या शहरात कंपनी वकिलांचा मंच आहे आणि मी त्याचा अध्यक्ष आहे. जालना रोडवरच्या हॉटेलात आमची परिषद होते. गळ्यात पट्टा, पट्ट्यात नाव, शेवटी प्रमाणपत्र. एकेक वक्ता येतो आणि आपण कसे जिंकलो ते पडद्यावर दाखवतो. जेवणाच्या रांगेत लोक एकमेकांच्या फोनवर फोन धरतात आणि त्याला ओळख म्हणतात. यंदा मी दाजींना ज्येष्ठ म्हणून बोलावलं. मन हलकं करायचा हा मला सोपा रस्ता वाटला होता, शाल आणि नारळ. ते तोच सैल कोट घालून आले, चंचीतून कार्डं काढून वाटत फिरले. तरुण पोरं कार्ड हातात घेऊन वास घेत होती आणि ते ठेवायचं कुठं म्हणून इकडेतिकडे बघत होती. दोन कार्डं मला हात धुवायच्या बेसिनवर सापडली. मी ती खिशात घातली.

कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये ते शाल स्कूटरच्या डिकीत कोंबत होते. म्हणाले, “लई खर्च केला पाव्हणं. पर एक विचारू का? सकाळपासून समद्यांनी जिंकल्यालंच सांगितलं. चूक कुणीच केली नाय का?”

मी म्हणालो, “मी केली.” आणि सांगितलं. खिशातलं पत्र, फाइल, टेबलावरचा हुंकार, पुतण्याबद्दलचं ते एक उत्तर. ते ऐकत होते, डिकीवर हात ठेवून. माझं होईपर्यंत त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी “दाजी, मला माफ...” म्हणायला लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

“तुमचं ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “आधी मला माझी मागायची हाय. बसा मागं.”

खानसाहेबांच्या जागेवर बसून मी रोशन गेटपर्यंत गेलो. खानसाहेबांनी स्वतः दार उघडलं. काठी आली होती, पण शर्ट इस्त्रीचाच. त्यांनी दाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं.

“क्या दाजी,” ते म्हणाले, “इतने बरस बाद आए, और बकरी भी नहीं लाए?”

दाजींनी उंबऱ्यावरच त्यांचे दोन्ही हात धरले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. मग आत गेलो. बैठकीवर बसून दाजी मला म्हणाले, “सांगा. इथं सांगा. पहिल्यापासून.” मी पुन्हा सांगितलं, या वेळी कंपनीचं नाव न घेता, नियमाप्रमाणे. खानसाहेब मधेच एवढंच म्हणाले, “मेरा भतीजा बेचारा आज तक पूछता है, चाचा, दाजी सलाम का जवाब कायकू नहीं देते?”

आतून ट्रेमध्ये तीन कप चहा आला. दाजींनी त्यातला पहिला उचलून खानसाहेबांना दिला, दुसरा स्वतः घेतला. “मग, काय शिकलात?” असं त्यांनी मला विचारलं नाही. दोघं चहा फुंकत बसले, आणि हळूच कधीतरी शेळीचा विषय निघाला. तिसरा कप ट्रेमध्येच होता. तो मला कुणी दिला नाही, आणि आतही कुणी नेला नाही. त्याच्यावर साय धरेपर्यंत मी थांबलो. मग दोघांच्या मधे बघत, वकील म्हणून नव्हे, मेव्हणा म्हणूनही नव्हे, म्हणालो, “मीच केलं ते. तुम्ही दोघंही मला माफ करा.”